तांबी जेवत नाही: गोचीड ताप आणि किडनी, घरचं पथ्य कुणी केलंय का? (सोलापूर)

साखरपेठ | ११ एप्रिल, रात्री ११:४०

आमची तांबी गावठी आहे, नऊ वर्षांची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी धडधाकट होती, १८ किलो वजन होतं. आज काट्यावर १६.४ भरली.

मार्चपासून तिचं खाणं कमी झालं होतं. या उन्हात माणसांनाच जेवण जात नाही, तिलाही तसंच होत असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. ती आमची चूक. शुक्रवारी तिच्या नाकातून रक्त आलं. पोटावरचे केस बाजूला करून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त तपासलं: प्लेटलेट ३८,०००, हिमोग्लोबिन ७.२, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) ३.४, फॉस्फरस ७.१. डॉक्टर म्हणाले गोचीड ताप आहे, एर्लिकिया, आणि किडनीलाही मार बसलाय. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यायचंय. तीन दिवस सलाईन झालं, उलटीचं इंजेक्शन चालू आहे.

औषध आम्ही बंद करणार नाही, हे आधीच सांगते. अडचण जेवणाची आहे. किडनीसाठी मिळणारं तयार खाद्य आणलं, तिनं वाससुद्धा घेतला नाही. दोन दिवस नुसतं पाणी चाटतेय. आयुष्यभर आमच्या घरची भाकरी खाल्लेली पोरगी आहे ती. आई (वय ७२) म्हणते तिला घरचंच द्या, पपईच्या पानांचा रस द्या, बकऱ्याच्या पायाचं सूप द्या, शहाळं द्या. माझाही घरच्या अन्नावर विश्वास आहे. पण किडनीला काय चालतं नि काय नाही ते कळत नाही. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी मापासकट सांगा.

आज्जीचा_बटवा | १२ एप्रिल, सकाळी ६:५०

ताई, धीर सोडू नका. आमच्या घरी डेंगी झाला होता तेव्हा पपईच्या कोवळ्या पानांचा रस दोन-दोन चमचे दिला होता, पेशी वाढल्या. रक्त कमी आहे तर दहा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून पाण्यासकट पाजा. झोपताना हळदीचं दूध. पायाच्या सूपनं अंगात ताकद येते, आई बरोबर सांगतायत.

शिकाऊ_पशुवैद्य | १२ एप्रिल, सकाळी ७:०५

मनुका देऊ नका. भिजवल्या असतील तर आत्ताच ओतून टाका. सविस्तर दुपारी लिहिते, पण हे आधी वाचा.

साखरपेठ | १२ एप्रिल, सकाळी ७:३०

आईनं रात्रीच स्वतःहून भिजवल्या होत्या. वाटी चुलीपाशी होती. ओतली. हात थरथरतायत माझे. थँक्यू.

नान्नजचा_शेतकरी | १२ एप्रिल, सकाळी ९:१५

मनुक्याचं मी सांगतो, कारण मी भोगलंय. आमची द्राक्षबाग आहे. बागेत कुत्री पडलेले मणी खातात हे लहानपणापास्नं बघत आलो. काय होत नाही म्हणायचो. आमच्या जुन्या कुत्र्यानं आठ हंगाम द्राक्षं खाल्ली, ठणठणीत. दुसरा होता वाघ्या, अडीच वर्षांचा. बेदाण्याच्या शेडमधी खालच्या जाळीवरचा माल खाल्ला त्यानं, किती ते ठाऊक नाही. संध्याकाळी उलट्या, त्यात बेदाणे दिसले. दुसऱ्या दिवशी गप पडून राहिला. तिसऱ्या दिवशी लघवीच बंद. सोलापूरला आणला तर डॉक्टर म्हणाले किडनी बंद पडलीय. पाचव्या दिवशी गेला.

ज्याला बाधलं नाही त्याच्याकडं बघून मी आठ वर्षं बिनघोर होतो. आता शेडला जाळीचं दार केलंय, गड्यांनाही सांगून ठेवलंय. ताई, तुमच्या तांबीची किडनी आधीच दुखावलीय. एक मणीसुद्धा देऊ नका.

शिकाऊ_पशुवैद्य | १२ एप्रिल, दुपारी २:२०

मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर जुळे सोलापूरला. तांबीचे डॉक्टर सांगतील ते पहिलं, माझं त्यानंतर. यादी न करता एकेक गोष्ट बोलते.

द्राक्ष, मनुका, बेदाणे: किती खाल्ल्यावर बाधेल याचं ठरलेलं माप नाही, म्हणून कुत्र्याला मुळीच द्यायचे नाहीत. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लावर संशय आहे. तेच आम्ल चिंचेत असतं, त्यामुळे चिंचेची आमटी भातावर ओतून घालत असाल तर तीही बंद. माणसाला मनुका चांगल्या, मग कुत्र्याला का नाहीत, असं आजीच काय, शिकलेली माणसंही विचारतात. शरीरच वेगळं आहे. तुमच्या आईंचा हेतू चांगला होता, त्यांना कुणी बोलू नका.

पपईची पानं: एर्लिकियात जंतू पेशीत शिरतात आणि शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मोडत सुटतं. डॉक्सिसायक्लिननं जंतू हटले की बहुतेक कुत्र्यांत प्लेटलेट काही दिवसांत चढायला लागतात. त्याच दिवसांत रस चालू असला की श्रेय रसाला जातं. कुत्र्यांमध्ये त्याचा ठोस पुरावा नाही, आणि तो इतका कडू असतो की मळमळणाऱ्या कुत्र्याला हमखास उलटी होते. उलटीत डॉक्सिसायक्लिन बाहेर पडलं तर आपण खऱ्या औषधालाच मुकलो. मी देणार नाही.

हळद: भाजीतली चिमूटभर पोटात गेली तर घाबरू नका. पण चमचाभर हळद मुद्दाम आत्ता नको. हळदीतलं कर्क्युमिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही आणि तांबीच्या प्लेटलेट आधीच ३८ हजार आहेत. दूध तर दोन कारणांनी नको. त्यात फॉस्फरस असतो, तो दुखावलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही, आणि दुधातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवतं, औषध अंगी लागत नाही.

शहाळं: त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम कमी आहे की जास्त, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. जास्त असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा.

पाया: घरचा पाया म्हणजे कांदा, लसूण, मीठ, तेल. कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. हिमोग्लोबिन ७ असताना ही जोखीम नको. आणि हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसच. हाड चघळायला देणं आता कायमचं बंद.

डॉक्सिसायक्लिनची गोळी रिकाम्या पोटी कोरडी देऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते, मग कुत्रं गिळायलाच घाबरतं. दोन घास भात पोटात जाऊ द्या, मग गोळी, त्यामागून सिरिंजनं थोडं पाणी.

माळरान | १२ एप्रिल, सायं. ६:१०

सगळंच केमिकल. जंगलातल्या लांडग्याला कोण गोळ्या देतं? आमच्या आजोबांनी करवान जातीची कुत्री पाळली. गुळवेल, कडुनिंब, गोमूत्र एवढ्यावर बरी व्हायची. ताई, गोळ्यांनीच किडनी जाते. थांबवून बघा.

बाराबंदी | १२ एप्रिल, रात्री ९:४५

माळरान दादा, तुमच्या आजोबांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण जी कुत्री बरी झाली नाहीत, त्यांच्या गोष्टी घरात सांगितल्या जात नाहीत. माझी सांगते.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या पांडूला गोचीड ताप झाला. औषध पाच दिवस दिलं, तो उठून बसला, खायला लागला. घरात सगळे म्हणाले पुरे झालं, आता नैसर्गिक करू. लसणाचा वास गोचिडांना नको असतो असं कुणी सांगितलं, म्हणून रोज दोन पाकळ्या तुपात तळून भाताबरोबर घातल्या. तो आवडीनं खायचा. कापूर खोबरेल तेलात विरघळवून अंगाला चोळलं. तो अंग चाटायचा, त्याला एकदा झटका आला. कापूर पोटात गेल्यावर झटके येतात हे मला नंतर कळलं. तीन आठवड्यांनी हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. रक्त दिलं, शेजारच्या लॅब्राडोरनं दिलं, तरी राहिला नाही.

अर्धवट सोडलेला डोस, लसूण, कापूर. यातलं नक्की कशानं तो गेला हे मला कुणी सांगू शकलं नाही. तिन्ही माझ्याच हातून झालं, प्रेमानं झालं. ताई, २८ दिवस म्हणजे २८ दिवस. चौथ्या दिवशी ती शेपूट हलवेल तेव्हा मन डगमगेल, तेव्हा हे आठवा.

शिकाऊ_पशुवैद्य | १२ एप्रिल, रात्री १०:१५

बाराबंदी ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. गुळवेलीनं माणसांमध्ये लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, त्यामुळे ती औषधाबरोबर नको. माळरान दादांचं एक मात्र घेण्यासारखं आहे. जुनी माणसं रोज संध्याकाळी कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून गोचिडी काढायची. ते कराच: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटानं चिरडू नका, रॉकेल ओतू नका.

कंबर_तलाव | १३ एप्रिल, सकाळी ८:००

आमच्या ब्राउनीला (२० किलो) किडनीचा त्रास निघाला तेव्हा क्रिएटिनिन ३.१ होतं. तिला चौदा महिने घरचं शिजवून घालतेय. हे पथ्य आमच्या डॉक्टरांनी बसून ठरवून दिलंय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

दिवसभराचं: शिजलेला पांढरा भात ३५० ग्रॅम. तीन अंड्यांचा उकडलेला पांढरा भाग. साठ ग्रॅम चिकन, बिनहाडाचं. दुधी किंवा लाल भोपळा वाटीभर. दोन चमचे तूप. मीठ अजिबात नाही.

आता एकेक गोष्ट का ते सांगते, कारण नुसतं माप दिलं की घरातली माणसं त्यात प्रेमानं भर घालतात. आमच्याकडे सासूबाई रोज गुपचूप पिवळा बलक घालायच्या. एका बलकात सुमारे ६५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, पांढऱ्यात जेमतेम ५. हे आकडे त्यांना कागदावर लिहून दाखवले, त्या दिवसापासून बंद झालं. चिकनचे बारीक तुकडे जास्त पाण्यात उकडते आणि ते पाणी ओतून देते. पाण्याबरोबर बराच फॉस्फरस जातो. सगळी चव जाते म्हणून सुरुवातीला माझ्याच जिवावर यायचं. कलेजी तिला प्राणापलीकडे आवडायची, ती बंद. तूप कशाला तर कॅलरीसाठी. प्रोटीन कमी केलं आणि पोटही भरलं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू खातं, आणि त्याचा कचरा पुन्हा किडनीवरच येतो.

हे अन्न एकट्यानं पुरत नाही. कॅल्शियम, व्हिटॅमिन आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल डॉक्टरांनी वेगळी दिलीय. मी पहिले दोन महिने ते घातलं नव्हतं, तिचे केस गळायला लागले.

खात नसेल तर: ताट समोर ठेवून सोडू नका. मळमळ असताना समोर ठेवलेल्या अन्नाचा त्यांना कायमचा कंटाळा येतो. कोमट करा, वास सुटतो. एका वेळी लिंबाएवढाच गोळा, दिवसातून सहा वेळा. हातानं भरवा. आमची ब्राउनी पहिल्या दिवशी फक्त माझ्या बोटाला लागलेलं तूप चाटली. दुसऱ्या दिवशी तीन घास. जबरदस्तीनं तोंडात कोंबू नका, श्वासनलिकेत जातं. आणि दोन-तीन दिवस काहीच पोटात गेलं नसेल तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे न्या, मळमळीचं औषध बदलून मिळतं.

साखरपेठ | १३ एप्रिल, रात्री १०:३०

तीन घास! आंबेमोहराचा मऊ भात, अंड्याचं पांढरं, थोडं तूप. आईनं मांडीवर घेऊन भरवलं. तिसऱ्या घासानंतर तोंड फिरवलं तेव्हा थांबलो. गोळी दिली, उलटी नाही.

एक विचारायचंय. अंड्याच्या टरफलाची पूड फॉस्फरस बांधून ठेवते असं वाचलं. द्यायची का?

शिकाऊ_पशुवैद्य | १३ एप्रिल, रात्री ११:००

वाचलंत ते खरं आहे. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि जेवणात मिसळलं तर ते फॉस्फरस धरतं. पण ते डॉक्सिसायक्लिनही धरतं. शिवाय रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर किडनीला पुन्हा त्रास. डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तेवढंच, आणि गोळीपासून किमान दोन तासांच्या अंतरानं.

घरातल्या गोचिडींचं काय केलंत?

साखरपेठ | १४ एप्रिल, दुपारी १:१५

घर जुनं आहे, माळवदाचं. काल रात्री बॅटरी घेऊन बघितलं तर तुळईच्या फटीत आणि उंबऱ्याच्या सांध्यात बारीक बारीक चालत होत्या. अंगावर काटा आला. तांबीची जागा नेमकी त्याच भिंतीशी.

नान्नजचा_शेतकरी | १४ एप्रिल, दुपारी ३:४०

ही गोचीड भिंतीवर चढते. रक्त पिऊन खाली पडते, फटीत जाते, तिथं हजारांनी अंडी घालते. कुत्रं धुऊन निम्मंच काम होतं. आम्ही गोठ्याच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, गोणपाट जाळलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध फटीत मारलं आणि दोन आठवड्यांनी परत मारलं. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दुसरी लागते. फवारताना तांबीला दुसऱ्या घरी ठेवा, फरशी पूर्ण वाळू द्या. गोचीड-पावडर तिच्या अंगावर मात्र मनानं टाकू नका.

माळरान | १४ एप्रिल, रात्री ८:२०

थांबवून बघा असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. बाराबंदी ताईंचं वाचून रात्री झोप नाही आली. उन्हासाठी एक सांगतो, यात औषध काही नाही. आपले सोलापुरी टॉवेल पाण्यात भिजवून पिळून तिच्या पोटाखाली अंथरा, पंखा चालू ठेवा, तासाभरानं बदला. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी ठेवा, आजारी जनावर पाण्यापर्यंत चालत जात नाही.

साखरपेठ | २१ एप्रिल, रात्री ९:००

दहावा दिवस. प्लेटलेट १,१२,०००. नाकातून रक्त परत आलं नाही. क्रिएटिनिन ३.१. दिवसाला पाव किलो भात खातेय. काल गल्लीतल्या मांजरावर भुंकली, आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाराबंदी ताई, कालच घरात कुणीतरी म्हणालं, आता बरी आहे की, गोळ्या कशाला. तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. गोळ्या चालू आहेत.

बाराबंदी | २१ एप्रिल, रात्री ९:२०

🙏

साखरपेठ | १२ मे, रात्री १०:१०

२८ दिवस पूर्ण झाले. प्लेटलेट २,४०,०००, हिमोग्लोबिन १०.१. क्रिएटिनिन २.७, फॉस्फरस ४.९. डॉक्टर म्हणाले ताप गेला, किडनीचं जे गेलं ते परत येणार नाही. राहिलेली जपायची. लघवीतून प्रोटीन जातंय, त्याची एक गोळी सुरू झाली. प्लेटलेट वाढल्यामुळे आता घरी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलंय, एक दिवसाआड २०० मिलि. मानेमागची कातडी तंबूसारखी उचलून सुई घालायची. पहिल्यांदा माझ्या हातून सुई दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, सगळं पाणी केसांवर. तांबी हलली नाही.

कंबर_तलाव | १२ मे, रात्री १०:४०

बाटली आधी कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा, मग मनगटावर थेंब टाकून बघा. गार सलाईननं त्या कुडकुडतात आणि पुढच्या वेळी पळतात. देताना हातानं भात भरवत राहा. नंतर खांद्यापाशी फुगा दिसेल, तो पायाकडे उतरतो, काही तासांत जिरतो. दुसऱ्या वेळेपर्यंत जिरला नाही किंवा श्वास जोरात चालला तर पुढचं सलाईन न देता डॉक्टरांना फोन करा.

साखरपेठ | ८ जून, सायं. ७:५०

वजन १७.३. क्रिएटिनिन २.६ वर टिकून आहे. पहिला पाऊस झाला, अंगणात जाऊन भिजून आली.

एक शेवटचं विचारते. आमच्याकडे रोज ज्वारीच्या भाकरी होतात, उरलेल्या कडक करून ठेवतो. तांबी लहान असल्यापासून कडक भाकरीचा कुडुम आवाज झाला की जिथं असेल तिथून यायची. अजूनही येते. समोर बसते, मागत नाही, नुसती बघते. ज्वारीत तांदळापेक्षा फॉस्फरस जास्त म्हणून दोन महिने दिली नाही. आई आता भाकरी खाताना आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. अगदीच नाही का चालणार?

शिकाऊ_पशुवैद्य | ८ जून, रात्री ८:३०

ज्वारीत फॉस्फरस पांढऱ्या तांदळाच्या दुपटीहून जास्त आहे, पण धान्यातला बराचसा फॉस्फरस कुत्र्याच्या आतड्यात पूर्ण शोषला जात नाही, मांसातला जसा शोषला जातो तसा. तिचा फॉस्फरस आता आटोक्यात आहे. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून एकदा दोन बोटांएवढा तुकडा द्या. मीठ घातलेली नको, शेंगा चटणीचा हात लागलेला नको. पुढच्या महिन्याचा रिपोर्ट बघून पुढचं ठरवू.

साखरपेठ | १४ जून, दुपारी १२:३०

डॉक्टर हो म्हणाले. आज रविवार. आईनं दोन बोटं मोजून तुकडा मोडला. कुडुम. माजघरातून उठून आली.